सचिन नक्की कोणाचा होता? एक वही, एक आठवण आणि फँटसी लीगचा इतिहास

पेट-नेटची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "ज्या गोष्टीचं वेड आहे, त्याच विषयावर संशोधन करावं का?" मी स्वतः क्रीडा-चाहत्यांच्या इतिहासावर काम करतो आणि स्वतःही हाडाचा चाहता आहे. त्यामुळे उपदेश न करता माझी फजिती सांगतो. उत्तर त्यातच आहे.

आमचं गाव माहुल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला 1950च्या दशकात आलेल्या रिफायनऱ्या. आयपीएल सुरू झाल्यावर आम्ही चार-पाच भावंडांनी घरच्या ओट्यावर वहीतली लीग काढली. प्रत्येकाला हजार पॉइंट. त्यात लिलाव करून खेळाडू घ्यायचे आणि मोसम संपेपर्यंत तेच सांभाळायचे. दुसऱ्या दिवशी पेपरमधला धावफलक बघून हिशेब: धावेला एक, विकेटला वीस, झेलाला दहा. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. पैसे नाहीत.

आम्हाला वाटायचं, हा खेळ आपणच शोधला. तसं नव्हतं. 1960मध्ये अमेरिकेत विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर असाच खेळ बेसबॉलवर सुरू केला. प्रत्येकी दहा डॉलर भरायचे, खेळाडू निवडायचे आणि मोसमभर त्यांच्या आकडेवारीवर हारजीत ठरवायची. नाव दिलं 'बेसबॉल सेमिनार'. पुढे गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेला. तिथे रॉबर्ट स्क्लार हा इतिहासाचा प्राध्यापक त्यात खेळू लागला आणि स्क्लारकडून ही गोष्ट डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर गेली. ओक्रेंटने 1980मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटच्या नावावरून 'रोटिसरी लीग' काढली. त्यातले बरेच जण लेखन-प्रकाशनाच्या धंद्यातले. 1981मध्ये बेसबॉलपटू संपावर गेले, लिहायला सामने उरले नाहीत, तेव्हा पत्रकारांनी आपल्या लीगबद्दल लिहिलं आणि खेळ देशभर पसरला. गंमत म्हणजे हा खेळ विद्यापीठातून बाहेर पडला. म्हणजे वेड आणि अभ्यास यांचं नातं जुनंच आहे.

आता माझ्या फजितीकडे येऊ. 2010च्या मोसमात सचिनने 618 धावा काढल्या, ऑरेंज कॅप मिळवली आणि मुंबई पहिल्यांदा फायनलला पोहोचली. ती फायनल आपण हरलो, पण तो मोसम माझ्या डोक्यात कोरला गेलाय. त्या वर्षी सचिन माझ्या संघात होता, हे मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. 2009मध्ये मुंबई सातवी आली तरी मी त्याला सोडलं नाही, माझी निष्ठा बघा, असंही वर ऐकवायचो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यातसुद्धा हा किस्सा टाकला होता. 'निष्ठावंत चाहता म्हणजे कोण' हे सांगायला उदाहरण म्हणून!

मग माळ्यावर वही सापडली. 2010चं पान उघडलं. सचिनच्या नावापुढे माझं नाव नव्हतं, चुलतभावाचं होतं. दादाचं. मी युवराजवर निम्म्याहून जास्त पॉइंट उधळले होते आणि त्याचा पंजाब त्या वर्षी तळाला राहिला. वडापाव मीच दिले होते, तेही लिहिलेलं होतं.

इथे थांबून विचार करा. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं. आपण मुलाखती घेतो तेव्हा समोरचा माणूसही असाच मनापासून सांगत असतो. म्हणून मौखिक इतिहासात दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: काय घडलं, आणि ते असं का आठवलं जातंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वही देते. दुसऱ्याचं उत्तर माझी चुकीची आठवण देते: निष्ठा ही बरीचशी मागाहून रचलेली गोष्ट असते. म्हणून ती आठवण मी खोडली नाही, पुरावा म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवली.

पण वहीने आणखी एक गोष्ट उघडी केली. 2013नंतर तिची पानं कोरी आहेत, कारण आम्ही एकेक करत फोनवर गेलो. भारतात फँटसी क्रिकेट त्याआधीही होतं. 2001च्या सुमारास ईएसपीएन-स्टारचा 'सुपर सिलेक्टर' आला होता. 2008मध्ये मुंबईत ड्रीम11 सुरू झाली, तीही आधी मोसमभराच्या खेळाने. नंतर पैसे भरून एकेका सामन्यापुरता संघ करायची पद्धत रुळली. फरक छोटा वाटतो, पण चाहत्याचं नातंच त्याने बदललं. मोसमभर सांभाळलेला खेळाडू वाईट खेळला तरी आपला असतो. एका रात्रीपुरता घेतलेला खेळाडू म्हणजे फक्त आकडा.

कायद्याचा इतिहासही इथेच येऊन भिडतो. 1887च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. 1957मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसी शब्दकोड्यांच्या खटल्यात कौशल्य आणि जुगार यांतली रेघ ठळक केली. 2019मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी खेळ कौशल्याच्या बाजूला धरला. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पैशांच्या स्पर्धा थांबल्या.

हे सगळं मी छान टिपून ठेवलं. मग दादाशी बोलायला बसलो. 2010चा विजेता तो. त्याने सांगितलं की एका अ‍ॅपवर त्याचे दोन वर्षांचे पगारातले पैसे थोडे थोडे करून गेले. वहिनीला बंदीच्या आधी महिनाभर कळलं होतं. घरात आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "हे तुझ्या थीसिसमध्ये येणार का रे?"

माझ्याकडे संमतीचा फॉर्म होता, पण तो काढायची लाज वाटली. रेकॉर्डर बंद केला. आठवड्याने लिहिलेला मजकूर त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन ओळी काढायला लावल्या, बाकीचं राहू दिलं. आत्ता तुम्ही वाचलं तेवढंच त्याने मान्य केलेलं आहे. जवळच्या माणसावर संशोधन करताना फॉर्म पुरत नाही; त्याला मजकूर वाचून दाखवावा लागतो आणि त्याच्या 'नाही'ची तयारी ठेवावी लागते.

तर मूळ प्रश्न: वेडाच्या विषयावर संशोधन करावं का? करा. वेड असलं की कुठली वही माळ्यावर आहे ते तुम्हालाच ठाऊक असतं. फक्त तीन पथ्यं पाळा. स्वतःची आठवण हा पुरावा नव्हे, तो तपासायचा दावा आहे. आपलं यात काय गुंतलंय ते पहिल्याच प्रकरणात लिहा. आणि कागद जपा. दादाच्या फोनवरचा खेळाचा जुना तपशील आता उघडत नाही. आमची दोनशे पानी वही अजून वाचता येते.

यंदा आम्ही परत ओट्यावर बसलो. तीच वही, तेच हजार पॉइंट, वडापावची तीच अट. दादा आला. लिलावाआधी त्याने जुनं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "सचिन कोणाचा होता, ते आधी नीट लिहून ठेव."

लिहून ठेवलंय. तुमच्याही घरात अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका.