टायगर: दंतकथेचे वजन

युद्धसाहित्यात जर्मन टायगर रणगाडा अजिंक्य म्हणून भेटतो. ही ख्याती निराधार नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. समोर 100 मिलिमीटर जाडीचे चिलखत आणि 88 मिलिमीटरची तोफ असलेल्या या रणगाड्याचा शत्रूने धसका घेतला होता. 13 जून 1944 रोजी नॉर्मंडीतील व्हिलेर-बोकाज येथे एसएस अधिकारी मिखाएल विटमान याने काही मिनिटांत ब्रिटिश तुकडीची दाणादाण उडवली. नाझी प्रचारयंत्रणेने त्याचे वीरकाव्य केले. त्याच सकाळी निकामी झालेला रणगाडा सोडून विटमानला पायी निघावे लागले, हा तपशील दंतकथेत मागे पडला.

या सामर्थ्याचे मोल 57 टन वजनाने चुकवावे लागले. अनेक पूल हा भार पेलत नसत. रेल्वेने नेताना रुंद पट्टे उतरवून अरुंद चढवावे लागत. एकमेकांत गुंतलेल्या चाकांतला चिखल रशियन हिवाळ्यात गोठे. 1942 मध्ये लेनिनग्राडजवळच्या पदार्पणातच यांत्रिक बिघाड आणि दलदल आडवी आली. पुढे माघार घेताना कित्येक टायगर त्यांच्याच सैनिकांनी उडवून दिले. एकंदर सुमारे 1,350 टायगर तयार झाले. सोव्हिएत टी-34 मात्र दहा-दहा हजारांनी रणांगणात उतरत होते.

पराक्रमाची कथा वाचताना ती प्रथम कोणी आणि कशासाठी सांगितली, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी विचारावे, असे आम्हांस वाटते.