जागल्या ते कॅमेरा : पहाऱ्याची किंमत कोण मोजतो? #थ्रेड

१/ मंठा, जिंतूर आणि सेलू या तिन्ही दिशांचे रस्ते परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर एकत्र येतात. फाटा ही वस्तीची एक वेगळीच जात. गावाला वेस असते, फाट्याला नसते. गावात परका माणूस चटकन ओळखू येतो. फाट्यावर येणारा जवळजवळ प्रत्येकच परका. अशा ठिकाणी दुकानांवर आणि घरांवर कॅमेरे लागतात, तेव्हा पहाऱ्याचा एक फार जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो.

२/ पेशवाई बुडाल्यानंतर जिंकलेल्या मुलखाचा अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिला. त्यात गावच्या जागल्याची कामे नोंदवली आहेत. रात्री पहारा द्यायचा, कोण आले-कोण गेले याकडे लक्ष ठेवायचे आणि संशयिताची वर्दी पाटलाला द्यायची. त्याखेरीज गावातील प्रत्येक माणसाची चालचलन जागल्याला ठाऊक असली पाहिजे, अशीही अपेक्षा होती. म्हणजे खासगीपणाचा प्रश्न काही तारांबरोबर आलेला नाही.

३/ चोरी झाली की जागल्या माग काढी. पाऊलखुणा शिवेपर्यंत नेऊन तो त्या पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करी. मग त्याने पुढे जायचे. ज्या गावात माग हरवेल, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येई. आधी जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे आणि उरलेले साऱ्या गावाकडून वसूल व्हायचे. कागदावर जितकी चोख, तितकी प्रत्यक्षात ही रीत नेहमी चालत असेल असे नाही. तरी तिच्यातील एक गोष्ट आजच्या कोणत्याही यंत्रात नाही : पाहणाऱ्यावर जबाबदारी होती. चुकला तर त्याला भुर्दंड बसे.

४/ हा भुर्दंड कोणाच्या माथी होता, हे मात्र विसरता येत नाही. प्रदेशानुसार रामोशी, भिल्ल, महार, मांग यांच्याकडे पहारा असे. मराठवाड्यात वेशीवरचा येसकर गावाची राखण करी आणि स्वतः मात्र गावकुसाबाहेर राही. मोबदला बलुत्याचा, तोही गावाच्या मर्जीवर. हाक मात्र कोणत्याही वेळी येई. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. गावाला स्वस्तात मिळालेल्या सुरक्षिततेची किंमत कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या भरत होते.

५/ पुण्यातील सुखवस्तू घरे दारावर रामोशी ठेवत. त्यात पहाऱ्याइतकाच विम्याचाही भाग होता : आपला रामोशी दारात असला की दुसरा रामोशी त्या घराकडे फिरकत नाही, असा समज. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हाती किल्ली! पुरंदरच्या रखवालीचे परंपरागत हक्क गेल्यावर रामोशांत जो असंतोष पसरला, त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

६/ पुढे पहाऱ्याची दिशाच उलटली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरू लागली. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायला मनाई. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. मराठवाड्यातीलच लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

७/ आता घरच्या कॅमेऱ्याचा जन्म पाहू. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेच्या कामाच्या वेळा अवेळी असत आणि वस्तीत पोलीस बोलावूनही लवकर येत नसत. इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्र जाणणाऱ्या पतीसह तिने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दाराला चार भोके, त्यांसमोर वरखाली सरकणारा कॅमेरा, शयनगृहात पडदा, आलेल्याशी बोलण्याची सोय, दार उघडायचे एक बटण आणि धोक्याची सूचना देणारे दुसरे. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. हा कॅमेरा फक्त दारात उभ्या असलेल्याला पाहत होता. रस्ता त्याच्या कक्षेत नव्हता आणि पडद्यासमोर एक जागे माणूस गृहीत धरलेले होते.

८/ आजच्या बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांसमोर कोणीच बसलेले नसते. तो राखणदार कमी आणि साक्षीदार अधिक. जगभरातील चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्के घट दिसली. सर्वांत स्पष्ट परिणाम वाहनतळांवर होता. ही घट क्षुल्लक नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढी मोठीही नाही. शिवाय वीज गेली की डोळा मिटतो, डिस्क भरली की जुने चित्रण पुसले जाते आणि हुशार चोर जाताना डीव्हीआरच काढून नेतो.

९/ साक्षीदार म्हणून तरी त्याची किंमत किती? याचे उत्तर देवगाव फाट्याच्या शेजारच्याच जालना जिल्ह्यातील एका खटल्यात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील व बाहेरील व्हिडिओ चित्रणाचा. अशा चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र हवे. ते वारंवार मागूनही मिळाले नाही.

१०/ औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक अवैध ठरवली. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला : अपील फेटाळले, पण प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र अनिवार्यच, मूळ यंत्रच न्यायालयात आणले तर नको. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे. चोरीनंतर मोबाइलवर फिरणारी चित्रफीत आणि न्यायालयात टिकणारा पुरावा यांत एवढे अंतर आहे.

११/ तोट्याची बाजू कायद्याला उशिरा दिसली. पाळतीवर असलेल्या माणसाच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाणे घटनाबाह्य आहे, असे १९६२ मध्ये खडक सिंग खटल्यात ठरले. पण घरावर गुपचूप पाळत ठेवणे मात्र वैध राहिले, कारण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले होते. ते मत २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी पुसून टाकले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र खासगी व घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला लागूच होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणावर रोखलेल्या कॅमेऱ्याचा वाद आजही प्रकरणागणिक लढावा लागतो. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने सहनिवाशांच्या संमतीविना घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग ठरवला.

१२/ आपल्या दारावर रोखलेला कॅमेरा आणि सार्वजनिक रस्त्यावर रोखलेला कॅमेरा यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चूक आहे. पहिला ब्राउनबाईंच्या यंत्राचा वंशज. दुसरा जागल्याचे काम करतो, पण जागल्याची जबाबदारी घेत नाही. आणि फाट्यावर त्याच्या चौकटीत कोण सापडते? एसटीची वाट पाहणारी विद्यार्थिनी, पाल ठोकून राहिलेले भटके कुटुंब, हंगामाला निघालेले ऊसतोड मजूर. त्या चित्राकडे पाहणारी नजर १८७१ ची असेल, तर यंत्र कितीही नवे असून उपयोग नाही.

१३/ एक योगायोग. ब्राउन यांच्या पेटंटनंतर बरोबर ५१ वर्षांनी, २ डिसेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात रात्री दिसणारे, आवाजही टिपणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने जपायचे. तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष. हजेरीची वही जिथे ठेवली जाई, त्या ठाण्याच्या दारावर आता स्थानिक भाषेतही फलक लावायचा होता : हे आवार कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहे.