रिओहा मद्य

उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यात तयार होणारे प्रसिद्ध द्राक्षमद्य. या प्रदेशात मद्यनिर्मिती रोमन काळापासून होत असली, तरी ओकच्या पिंपांत दीर्घकाळ मुरविलेले तांबडे रिओहा मद्य ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील निर्मिती होय. तत्पूर्वी येथील मद्य बहुधा ताजेच प्यायले जाई व कातडी पखालींतून वाहून नेले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मान्वेल किंतानो या धर्मगुरूने फ्रान्समधील बॉर्दो येथील मुरविण्याची पद्धत येथे आणली. परंतु सर्व मद्य एकाच भावाने विकावे, अशा स्थानिक निर्बंधामुळे तिचा जादा खर्च भरून निघेना व ती मागे पडली.

१८५० नंतर लूथ्यानो दे मुर्येता व मार्केस दे रिस्काल यांनी ही पद्धत पुन्हा रूढ केली. १८६० नंतरच्या दशकांत फायलोक्झेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्‌ध्वस्त केले, तेव्हा बॉर्दोचे व्यापारी रिओहाकडे वळले. १८६३ मध्ये आलेल्या लोहमार्गामुळे आरो हे गाव निर्यातीचे केंद्र बनले. १८९९ मध्ये ही कीड रिओहातही पोहोचली व अमेरिकन खुंटांवर कलमे करून मळे नव्याने उभारावे लागले.

या मद्यात तेंप्रानीयो जातीची द्राक्षे प्रमुख असून गार्नाचा, ग्राथ्यानो व माथ्वेलो यांचीही जोड दिली जाते. ते सु. २२५ लिटरच्या पिंपांत मुरवितात. अमेरिकन ओकमुळे त्यास व्हॅनिला व खोबऱ्यासारखा गंध येतो. कालांतराने टॅनिनाचा तुरटपणा सौम्य होतो, गडद तांबडा रंग विटकरी छटेकडे झुकतो आणि ताज्या फळांच्या जागी सुकी फळे, चामडे व तंबाखू यांची आठवण करून देणारा गंध येतो.

मुरविण्याच्या कालावधीनुसार क्रियान्था, रेसेर्वा व ग्रान रेसेर्वा असे प्रकार करतात. तांबड्या ग्रान रेसेर्वास किमान पाच वर्षे मुरवावे लागते. त्यांपैकी किमान दोन वर्षे ते पिंपात असते. या काळात उत्पादकाचे भांडवल अडकून पडते व पिंपातील काही मद्य बाष्परूपाने घटते. त्यामुळे मुरलेल्या मद्यास निराळा भाव मिळणे, ही या परंपरेच्या अस्तित्वाचीच अट ठरते. किंतानोला नेमकी हीच सवलत लाभली नव्हती.