अठरा रविवार

डिसेंबर संपत आला की मी नवी डायरी आणते. एक जानेवारीला पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात संकल्प लिहिते. संक्रांतीपर्यंत अक्षर बिघडतं, मग पानं कोरी, आणि पुढे पुढे त्याच डायरीत दुधाचा हिशोब! तुमचंही असंच होत असेल तर मला जरा बरं वाटेल.

त्यातला एक संकल्प मात्र मी सलग तीन वर्षं लिहिला. आजीची आखाजीची गाणी उतरवून घ्यायची. आजी म्हणजे आईची आई, धुळ्याकडची. गौराईची, झोक्यावरची अहिराणी गाणी तिला तोंडपाठ होती. "आजी, पुढच्या सुट्टीत नक्की," असं मी दरवेळी म्हणायचे आणि ती हसायची. चौथ्या वर्षी आजीच राहिली नाही. माझ्याकडे आज दीड गाणं आहे.

तेव्हापासून धुळ्याच्या तुरुंगातली एक जुनी गोष्ट मला सारखी आठवते.

१९३२ साल उजाडलं ते धरपकडीतच. ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली आणि देशभरातले तुरुंग भरू लागले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून १९३० साली सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजीही होते. तिथे विनोबा गीतेवर बोलू लागले. दर रविवारी एक अध्याय. पहिला २१ फेब्रुवारीला, अठरावा १९ जूनला. मी कॅलेंडर घेऊन मोजून पाहिलं. बरोबर अठरा रविवार, एकही खाडा नाही.

मुहूर्त म्हणाल तर ना एक जानेवारी, ना पाडवा. पाडवा आणि आखाजी दोन्ही मध्येच येऊन गेले, प्रवचनं चालूच राहिली.

साने गुरुजी ऐकत होते आणि लिहून घेत होते. ध्वनिमुद्रणाची सोय कुठली असणार तिथे! त्यांच्या त्या लिहिण्यामुळेच 'गीताप्रवचने' हे पुस्तक झालं आणि पुढे कितीतरी भारतीय भाषांत गेलं. ते कागद नसते तर ते अठरा रविवार तिथल्या कैद्यांच्या आठवणीत राहिले असते, आणि त्यांच्याबरोबरच संपले असते.

"तुरुंगात वेळच वेळ, दुसरं करायचं काय?" असं मलाही आधी वाटायचं. पण वेळ तिथे सगळ्यांनाच होता. रिकामा रविवार आणि ठरलेला रविवार यांत फरक आहे. इथे वार ठरलेला होता, रोजचा वाटा ठरलेला होता, शेवट कुठे ते माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे समोर कोणीतरी वाट पाहत होतं.

पूजेतला संकल्प आठवा. हातात पाणी घेऊन आपण कुठे आहोत, आज कोणती तिथी, आपण कोण, काय करणार हे मोठ्याने म्हणतात, चार माणसांदेखत. माझा संकल्प डायरीत गुपचूप लिहिलेला. तो मोडला तरी कोणाला कळणार?

इकडे जळगावलाही असंच घडलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. लिहून घेणारी माणसं वेळेवर घरात होती, एवढंच. आमच्या घरात मी होते, आणि माझ्याकडे कोरी डायरी होती.

असो.

जळगावला माझी मावशी असते. आजीची गाणी तिला बरीच येतात, म्हणजे अजून तरी येतात. परवा तिला फोन करून सांगितलं, "येत्या रविवारपासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता फोन करीन. एक गाणं सांगायचं. अठरा रविवार." ती म्हणाली, "अगं, एक तारखेपासून कर की, नवीन वर्ष लागेल."

नको म्हटलं. एक तारखा खूप झाल्या. आता मावशी पाच वाजता फोनजवळ बसेल.