वृद्धांचा आश्रय : काल आणि आज

स्मरणिकेकरिता एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा ज्ञातीच्या पूर्वपीठिकेवर लिहावे, असा प्रथम विचार होता. परंतु त्या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उलट ज्या प्रश्नाने आज आपल्यापैकी अनेक घरांत रात्रीची झोप उडविली आहे, त्याचा इतिहास मात्र कोणी सांगितलेला नाही. तो प्रश्न म्हणजे वृद्धांचा सांभाळ कोणी करावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा हा होय. प्रस्तुत लेखक काही इतिहाससंशोधक नव्हे. तो एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. तरी वाचकांनी न्यून ते पुरते करून घ्यावे.

पूर्वी एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची व्यवस्था आपोआप होत असे, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु त्या व्यवस्थेचा भार घरातील सुनांनी व विधवा आत्या-मावश्यांनी वाहिला, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही, हेही तितकेच खरे. ज्यांना घर नव्हते, त्यांच्यासाठी क्षेत्राच्या ठिकाणची धर्मशाळा व अन्नछत्र एवढाच आधार असे. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे निरनिराळ्या ज्ञातींनी बांधलेल्या धर्मशाळा आजही उभ्या आहेत. त्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या असल्या, तरी घर सोडून क्षेत्री राहिलेल्या निराधार माणसालाही त्यांच्या ओसरीवर जागा मिळत असे.

वृद्ध व अपंग यांच्यासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह हे त्याचे जुने उदाहरण होय. बगदादहून मुंबईस येऊन व्यापारात अमाप द्रव्य मिळविलेल्या आणि १८६४ साली पुण्यात निधन पावलेल्या त्या यहुदी दात्याचे नाव ह्या संस्थेला आहे, आणि ‘निवारा’ या नावाने ती आजही कार्य करीत आहे. कलकत्त्यास १८८२ साली ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या पंथाच्या जोगिणींनी वृद्धांसाठी गृह उघडले. म्हणजे ज्याला आपण आज ‘नवे खूळ’ म्हणतो, त्याला दीडशे वर्षांच्या आसपासचा इतिहास आहे.

ह्याच काळानंतर आपल्या ज्ञातिसंस्थांचे लक्ष मात्र दुसरीकडे वळले, आणि ते योग्यच होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची चळवळ सुरू झाली व निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. त्या उदाहरणाने खेड्यापाड्यांतील मुलांना शहरात राहून शिकण्याची सोय झाली. आपल्या संस्थेचे वसतिगृहही त्याच प्रेरणेचे फळ. तेथे राहून शिकलेली मुले मुंबईस गेली, त्यांची मुले बंगळूर व अमेरिकेस गेली. ह्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु एक गोष्ट आपण ध्यानात घेतली नाही. ज्या वसतिगृहाने मुलांना बाहेर काढले, त्यानेच गावाकडील घरे रिकामी केली. तरुणांच्या शिक्षणाची योजना आपण केली. मागे राहिलेल्या आईबापांची मात्र केली नाही.

सरकारचे लक्षही ह्या प्रश्नाकडे हळूहळूच गेले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलांबरोबर मुलींवरही ठेवली. मात्र १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर हात पसरणाऱ्या निराधार म्हाताऱ्याला अपराधी ठरविले. एका हाताने हक्क आणि दुसऱ्या हाताने शिक्षा, असा तो काळ होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आईबापांच्या पोटगीची तरतूद आली, आणि विवाहित मुलीवरही हे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. १९९५ हे वर्ष विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी केंद्र सरकारने दरमहा ७५ रुपयांचे राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, आणि महाराष्ट्रात ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना निघाली.

२००७ साली संमत झालेला आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा महाराष्ट्रात २००९ पासून लागू झाला. ह्या कायद्याखाली वृद्धास प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेले घर, त्याने अट न पाळल्यास परत मिळविता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी, अशी माझी सर्व वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. मात्र निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा कायद्यानेच दरमहा १०,००० रुपये ठेवली आहे.

ती पुरते काय, ह्याचा अनुभव घरचाच सांगतो. माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्व अक्का म्हणतो, वैधव्यानंतर एकट्या राहत. चिरंजीव परदेशी. ऐंशीव्या वर्षी त्यांनी स्वतःहून वृद्धाश्रमात जाण्याचे ठरविले. आरंभी दरमहा १२,००० रुपये व एक लक्ष रुपये अनामत असा आकार होता. दोन वर्षांनी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु अक्का पुन्हा चालू शकल्या नाहीत. तेव्हा संस्थेने कळविले की, येथे केवळ हिंडत्या-फिरत्या वृद्धांचीच सोय आहे. करारात ते वाक्य होते. आम्ही कोणी ते वाचलेच नव्हते. आता त्या शुश्रूषागृहात आहेत. तेथील खर्च, औषधे धरून, दरमहा सत्तावीस हजारांच्या घरात जातो. भाचा पैसे पाठवितो, उणे पडते ते माझ्या निवृत्तिवेतनातून जाते. ह्यात कोणाला दोष द्यावा असे वाटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी दिवसा एक व रात्री एक अशी दोन माणसे लागतात, आणि त्यांनाही पोटे आहेत. ह्या खर्चात खोलीचे भाडे थोडे व सेवेचे वेतन अधिक असते, हे प्रत्येक कुटुंबाने आधीच समजून घ्यावे.

ज्यांची एवढी ऐपत नाही, त्यांच्यासाठी काय आहे? गरजू वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत करावा. सत्तर वर्षांवरील प्रत्येकास २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबागणिक वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. परंतु घरच्या शुश्रूषेचा खर्च त्यात येत नाही. छळ वा उपेक्षा होत असल्यास १४५६७ ह्या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघही अर्ज भरण्यास मदत करतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपले वसतिगृह आज अर्धे रिकामे आहे, आणि ते मंगल कार्यालयास द्यावे, अशी सूचना पुढील सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. उत्पन्न वाढेल, हे मान्य. तथापि माझी नम्र सूचना अशी की, तळमजल्यावरील चार खोल्या तेवढ्या राखून ठेवाव्यात. तेथे मोठा वृद्धाश्रम काढण्याचे धाडस आपण करू नये. तो चालविणे सोपे नाही. परंतु रुग्णालयातून सुटलेल्या, घरी लगेच नेता न येणाऱ्या ज्ञातितील वृद्धास महिना-दोन महिने तेथे ठेवता येईल. शिष्यवृत्ती निधीप्रमाणेच एक वृद्धसाहाय्य निधी काढून गरजू घरांना सेविकेच्या वेतनाचा काही भाग देता येईल. आपल्याच समाजातील होतकरू भगिनींना शुश्रूषेचे शिक्षण दिल्यास त्यांनाही चरितार्थाचे साधन लाभेल.

त्याच खोल्यांत राहून मी मॅट्रिक झालो. त्या वेळी अक्का दर पंधरा दिवसांनी गावाहून भाकरीचे गाठोडे मोटारीच्या कंडक्टरपाशी धाडीत असत. मागच्या भेटीत त्यांनी मला विचारले, “आपलं बोर्डिंग अजून चालू आहे का रे?” आहे, असे मी सांगितले. पुढल्या वर्षीही तेच उत्तर देता यावे, एवढीच सभासद बंधुभगिनींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.