बेथेल (जालना)

जालना शहराजवळची प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वसाहत व तेथील चर्च. वसाहत उभारली रेव्हरंड नारायण शेषाद्री (निधन 1891) यांनी, स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनतर्फे.

नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण, आडनाव परळीकर. 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता; त्याला न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला पुन्हा ज्ञातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. हे प्रकरण मराठी वाचकांना ठाऊक असते. थोरल्या भावाची, म्हणजे नारायण शेषाद्रींची, पुढची कामगिरी मात्र सहसा कोणी सांगत नाही. 1843 मध्येच स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले. मुंबईतील मिशनरी जॉन विल्सन व नेस्बिट नव्या पक्षाला मिळाले आणि मुंबईतील शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली.

1860 नंतरच्या दशकात शेषाद्री निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. तेथील ख्रिस्ती मंडळीत मुख्यतः मांग समाजातील कुटुंबे होती. गावकीची कामे आणि बलुते यांवर ज्यांचे पोट, त्यांनी धर्म बदलला की गावाशी बिनसण्याची आणि भाकर तुटण्याची भीती. नुसती प्रार्थनेची जागा देऊन भागणार नव्हते. आधी जमीन हवी होती. हैदराबादचे दिवाण पहिले सर सालारजंग यांनी सुमारे 800 एकर जमीन 25 वर्षे साऱ्याविना दिली. मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळातल्या पाळकाच्या देखरेखीखाली, गावकुसाबाहेरच्या माणसांचे हे ख्रिस्ती गाव वसले; एकोणिसाव्या शतकातील मराठवाड्यात असे दुसरे उदाहरण सापडणे अवघड. बेथेल हे नाव बायबलातील याकोबाच्या कथेतले.

1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला शेषाद्री हजर होते; पागोटे घातलेला हा पाळक तेथे सर्वांच्या नजरेत भरला. जालन्याच्या कामाची हकीकत अशा दौऱ्यांतून परदेशात पोहोचली. पुढे समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला.

मिशनच्या मातृसंस्थेचे नाव नंतर दोनदा बदलले : 1900 मध्ये युनायटेड फ्री चर्च आणि 1929 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली; बेथेलची मंडळी आता त्याच्या मराठवाडा धर्मप्रांतात आहे.