होम हेल्थ एडची परीक्षा : पाठांतर कमी, हाताचा सराव जास्त

घरात सासऱ्यांची दोन-दोन वर्षं खाटेवर सेवा केलेल्या बायकांना हे काम नवं नसतं. तरीही परीक्षेत मार्क जाऊ शकतात. कारण परीक्षक नुसतं काम झालं का एवढंच पाहत नाही. कोणत्या क्रमानं आणि किती काळजीनं केलं, तेही पाहतो.

परीक्षा कशाची?

होम हेल्थ एड म्हणजे रुग्णाच्या घरी राहून किंवा जाऊन-येऊन त्याची आंघोळ, जेवण, उठणं-बसणं आणि स्वच्छता सांभाळणारी व्यक्ती. या कामाचा अभ्यासक्रम हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेला आहे. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी अशी तिन्ही अंगांनी तपासणी होते. परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो, शिकवणारे सर किंवा मॅडम मार्क देत नाहीत. लेखी प्रश्न मराठीत मिळतील का, हे नाव नोंदवतानाच केंद्रावर विचारून घ्यावं.

प्रात्यक्षिकाचा क्रम

काम कोणतंही असो, सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो :

1. रुग्णाला आपलं नाव सांगा, त्याचं नाव विचारा.
2. काय करणार ते समजावून सांगा आणि परवानगी घ्या.
3. दार किंवा पडदा लावा.
4. हात धुवा. साबण-पाण्यानं 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझरनं 20 ते 30 सेकंद.
5. काम झाल्यावर रुग्णाला नीट टेकवा, पाणी हाताशी ठेवा, पुन्हा हात धुवा.
6. काय केलं, काय दिसलं, ते वहीत लिहा.

घाईत पहिला, तिसरा आणि सहावा मुद्दा हमखास राहून जातो.

हमखास लागणाऱ्या गोष्टी

नाडी अंगठ्यानं पाहू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. दोन-तीन बोटं मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची नाडी आराम करताना साधारण 60 ते 100 असते, श्वास 12 ते 20. श्वास मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, सांगितलं की तो श्वास बदलतो. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, हात छातीच्या पातळीवर टेकवा.

झोपून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर माकडहाड, टाचा, कंबर इथं जखमा होतात. लालसर झालेल्या जागेवर चोळू नये, लगेच कळवावं.

लकवा झालेल्याला सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावा आणि ब्रेक आधी लावा. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. भरवताना रुग्ण बसता हवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नये.

कचऱ्याचे रंगही विचारतात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात.

काय करायचं नाही?

तोंडी परीक्षेत हा प्रश्न महत्त्वाचा. नातेवाईक आग्रह करतात, "एवढं इंजेक्शन देऊन टाका ना ताई." ते द्यायचं नाही. सलाईन लावणं, औषधाचा डोस कमी-जास्त करणं, आपल्या मनानं गोळी देणं हे होम हेल्थ एडचं काम नाही. या प्रमाणपत्रानं कोणी नर्स होत नाही. त्यासाठी नर्सिंगचं शिक्षण आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ही मर्यादा रुग्णाचा जीव वाचवते आणि काम करणारीलाही अडचणीत येऊ देत नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर काहीही पाजू नये. वेळ बघून ठेवावी आणि 108 ला फोन लावावा.

घरच्या घरी सराव

घरातल्या कुणालातरी खाटेवर झोपवा. रोज एकच काम घ्या : आज कूस बदलणं, उद्या चादर बदलणं, परवा नाडी. प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत करा. शेजारणीला यादी घेऊन बसवा, राहिलेली पायरी ती सांगेल. मोबाईलवर व्हिडिओ काढून पाहिला तर आपली चूक आपल्याला दिसते.

फसू नका

"परीक्षा न देता प्रमाणपत्र देतो" असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. फी भरण्याआधी केंद्राची मान्यता तपासा आणि पावती घ्या. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव एकच आहे ना, हे परीक्षेच्या आधीच पाहून घ्या. नावातली चूक नंतर दुरुस्त करायला हेलपाटे पडतात.